ऊन पान्याची दाढी

त्या दिवशी आमच्या वसरीत कोन कोन व्हतं ते आधी सांगते, म्हंजी मागनं कुनी म्हनाया नको की म्हातारी पदरचं लावून सांगती. एक माझी सासू, खांबाला टेकून वाल सोलत बसल्याली. दुसरं आमचं मालक, बाजंवर, पाठीमागं वाकळंची वळकटी लावून बसवल्यालं. तिसरी माझी लेक सुमन, हातात आरसा धरून हुबी. चवथी मी, चुलीपाशी, पन कान वसरीकडं. आन् पाचवा दौंडचा हमीदभाई, मालकाच्या म्होरं गुडघ्यावर बसल्याला, हातात त्येचं ते पितळंचं दाढीचं यंत्र. एवढीच मान्सं. त्या दिवशी मालकाच्या मिशा गेल्या, आन् माझी जित्ती सासू मेली म्हनून तळेगावापातूर सांगावा गेला.

पन हे आसं एकदम सांगून कुनाला कळायचं न्हाई. आधी हमीदभाई सांगावा लागंल. आन् त्यो सांगायचा म्हंजी दाढी सांगायची, कारन त्या मानसाला दुसरं काय कामच न्हवतं.

आमी वडगाव रासाईची. माझ्या सासऱ्यापातूर मेंढरामागं फिरल्याली मान्सं. मग सासऱ्यानं नदीकाठाला वाईच रान धरलं आन् बूड टेकलं. रानावर भागायचं न्हाई म्हनून हंगाम सुरू झाला की मालक पाटसला कारखान्यावर जायचं, मागनं मी बी जायची. मालक गव्हानीवर, म्हंजी उसाच्या मोळ्या जिथं यंत्रात सोडत्यात तिथं. मी मिळंल ते रोजाचं काम. खोल्यांची एक रांग व्हती, त्यातली आमच्या शेजारची खोली हमीदभाईची. त्यो बायलरवर. घरवाली रजिया, तोंडानं तिखट पन मनानं लोनी. सुमन त्येला मामा म्हनायची.

सकाळी पाळी सुटली की ह्यो मानूस बायलरवरचं ऊन पानी डब्यातनं घिऊन यायचा. तुमी म्हनाल आंघुळीला. आंघुळ कसली? दाढीला! आमी बाया तिथं चुलीत वल्लं पाचट घालून डोळं फोडून घेत व्हतो, आन् ह्यो ऊन पानी तोंडाला लावत बसायचा.

खोलीच्या म्होरं लिंबाचं झाड व्हतं. त्येच्या खिळ्याला आरसा. खाली उलटी बादली, तिच्यावर बसायचा. शेजारी लाल पत्र्याची पेटी, वर गुलाबाचं चित्र रंगवल्यालं. ती पेटी उघडताना त्येचं तोंड बगावं. नवरी डोलीतनं उतरताना बगत्यात तसं. आतनं काय निगायचं? एक ब्रश, एक लाकडी वाटीतला साबन, एक तुरटीचा खडा, अत्तराची शिशी, ब्लेडाच्या पुड्या, आन् त्यो पितळंचा दांडा. त्येचं तीन तुकडं व्हायचं. मधी ब्लेडाचं पान घालून पिळायचं. ह्योच त्येचा दागिना.

आधी ब्रश ऊन पान्यात बुडवून ठेवायचा. त्यो भिजंपातूर बिडी न्हाई, च्या न्हाई, नुसता त्येच्याकडं बगत बसायचा. मग ऊन पान्यात पंचा पिळून तोंडावर टाकून मान मागं करायचा आन् पडायचा. नवीन आल्याली एक बाई घाबरून वरडली बी, "आगं ह्यो मानूस गेला का काय!" पंच्याखालनं आवाज आला, "न्हाई गेलो, भिजतोय."

भिजतोय म्हनं. वाल हाय का हरबरा?

मग फेस. फेस झाला का न्हाई ते बगायला वाटी उपडी धरायचा. फेस खाली पडला न्हाई तर खरा. तवा दाढीला हात. एकदा वरनं खाली. धुवायचं, परत फेस. मग आडवं. धुवायचं, परत फेस. मग खालनं वर. म्या एकदा म्हनलं, "हमीदभाई, नांगरलं, आडवं नांगरलं, वर कुळवलं बी. एवढी मशागत आमच्या रानाची केली आसती तर दोन पिकं निगाली आसती."

"भाबी, केसासंगं भांडायचं नसतं. त्येला इचारायचं, बाबा कुनीकडं निगालास? मग त्येच्यासंगं जायचं."

"आन् पोटाला इचारलं का, कुनीकडं निगालंय?"

हसला. त्या मानसाला लाजच न्हवती. तुरटी फिरवली, गार पानी मारलं, अत्तराचं बोट लावलं, आन् मग आतल्या बाजूला बगून वरडायचा, "रजिया, हात लावून बग!"

रजिया आतनं, "हात राखंत हाय माझा. लावू का?"

रोज हेच. पावसात बी, थंडीत बी, बकरीदीला बी. त्येच्या भावकीतला एक म्हातारा त्येला म्हनायचा, "मियाँ, आता तरी दाढी ठेवा, सवाब मिलेगा, पुन्य लागंल." त्यो म्हनायचा, "ठेवतो की चाचा. पन मग मी सकाळी करू काय?"

हे याड त्येला लागलं कसं ते रजियानं सांगितलं. ह्येचा बाप दौंडला रेल्वेच्या शेडात व्हता. तिथला कुनी म्हातारा गार्डसायेब गाव सोडून निगाला, तवा ती लाल पेटी बापाला दिऊन गेला. बापाची दाढी छातीपातूर, त्येनं पेटी फळीवर टाकली. ह्येला मिसरूड फुटलं तसं ह्येनं ती काडली. शिकवायला कोन न्हाई. पहिल्या दिवशी तोंडाला जागोजाग पेपराचं तुकडं डकवून आला, जनू भिंतीवर इलेक्शन लागलंय. शाना आसता तर तिथंच सोडलं आसतं. ह्यो म्हनला, आपलं काय चुकलं ते बगायचं. आन् जलमभर बगतच बसला.

हपिसातला एक क्लार्क व्हता, त्येच्याकडं फुसफुस करून फेस सोडनारा डबा आन् पलाष्टिकचं यंत्र. दोन मिंटात दाढी. म्या हमीदभाईला म्हनलं, "बगा, शिका जरा." तवा त्यो म्हनला, "घाईत केलेली दाढी आन् घाईत केलेलं लगीन, दोन्ही सांच्याला टोचाया लागत्यात." रजियानं आतनं तांब्या आपटला. तिचं लगीन घाईतच झालं व्हतं.

बोकडाची गोष्ट तर सांगायलाच पायजे.

एकदा हंगाम संपल्यावर ह्यो आमच्या गावाला आला. म्या म्हनलं, मैतराला भेटायला आला. कशाचं काय! आमच्या सासूचा एक बोकड व्हता, हनवटीला हातभर दाढी. हमीदभाई त्या बोकडाम्होरं जाऊन बसला. पावना घरात बसतो, ह्यो गोठ्यात.

सासू म्हनली, "घ्यायचं का बोकड? बकरीदीला?"

"न्हाई मावशी. नुसती दाढी द्या."

सासूला वाटलं, आपल्याला कमी आयकू येतंय. परत इचारलं. परत तेच. ब्रश जुना झालता, केस गळत व्हतं, म्हनून ह्येला बोकडाच्या दाढीचा ब्रश बनवायचा व्हता. सासूनं कात्री दिली. म्हनली, "ने बाबा. तेवढंच त्येला बी गार वाटंल." मालकानं शिंगं धरली, ह्येनं दाढी कापली, केसं दोऱ्यानं बांधली, जुन्या ब्रशाच्या मुठीत लाखंनं बसवली. दिसायला झ्याक झाला ब्रश. फुडल्या हंगामात पाटसला पहिल्यांदा ऊन पान्यात बुडवला. आन् जो वास सुटला! आमी जलमापासनं शेरडामेंढरात, पन आमाला बी पदर नाकाला लावावा लागला. रांगंतल्या समद्या खोल्यांची दारं लागली. रजियानं त्येला तीन रोज घरात घेतला न्हाई. दारातनं इचारायची, "कोन हाय? बोकड हाय का मानूस?" त्यो बाहेरनं, "मानूस." ती, "वास खोटं बोलत न्हाई."

आसला ह्यो मानूस. मी त्येला मोजतच न्हवते. आमच्यात पुरुष मानूस म्हंजी खांद्यावर घोंगडं, तोंडावर धूळ, आठवड्याला न्हावी. आरशात बगायचं ते बाईनं, ते बी कुकू लावायच्या टायमाला.

मग एका हंगामात गव्हानीवर मालक खाली बसलं ते उठलंच न्हाईत. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तोंड एका बाजूला उतरलं. शिरूरला दवाखान्यात ठिवलं. डाक्टर भला मानूस व्हता. घरी सोडताना म्हनला, "बाई, ह्यांना रोज उठवून बसवा. झोपून ऱ्हायलं तर पाठीला जखमा व्हतील, छातीत कफ भरंल. मग माझ्या हातात काय न्हाई. बसलं तर वाचतील."

बसलं तर वाचतील. एवढीच गोष्ट. पन मालक बसंनात.

भिताडाकडं तोंड करून पडल्यालं. मी काखंत हात घालून उचलायला गेले की अंग सोडून द्यायचं. भरल्या पोत्यागत. मी तरी किती उचलू? रानात खुरपायला मी, धारंला मी, नदीवरनं पानी मी, आन् सासू पिकल्यालं पान. भाकर दुधात कुस्करून भरवायला गेले की दात आवळायचं. खरी गोष्ट आशी की त्येनला त्यांचं तोंड कुनाला दावायचं न्हवतं. दाढी वाढली, त्यात भाकरीचा भुगा अडकायचा, लाळ वाळायची. गावचा न्हावी शिरूरला दुकान टाकून बसल्याला. म्या कात्री धरली तर डाव्या हातानं फेकून दिली.

बगायला येनारी मान्सं तर काय सांगावी! यायची, दारात हुबी ऱ्हायची, "आरारारा, कसा गडी आन् काय झालं" म्हनायची, च्या प्यायची आन् जायची. त्यातल्या एकानं सुदीक काखंत हात घातला न्हाई. आरारारा म्हनायला काय जातंय.

आन् एक दिस हमीदभाई आला. दौंडवरनं येष्ट्या बदलत. दुसरा कुनी केळी आनतो, मोसंबी आनतो. ह्यो काय घिऊन आला? ती लाल पेटी!

माझ्या टाळक्यात तिडीक गेली. ह्यो म्हनतोय, "भाबी, पानी ऊन करा."

"च्या ठेवते. बसा."

"च्या नको. दाढीचं."

"हमीदभाई," म्या म्हनलं, "हितं मानूस चाललाय आन् तुमाला दाढी सुचती? शरम न्हाई वाटत?"

"पानी लई कढत नको. बोट बुडंल आसं."

जनू मी काय बोललेच न्हाई. ऊन करून दिलं आन् आदळून ठिवलं. त्यो मालकाच्या बाजंवर बसला. पाठीकडं बगून म्हनला, "दोस्ता, मी निजल्या मानसाची दाढी करत न्हाई. निजल्याची करत्यात ती मय्यताची. साबन कानात जातो. बस."

मालक हाललं न्हाईत.

"बरं. मी बी बसतो." आन् ह्यो सुरू झाला. ब्रश भिजवला. फेस केला. सावकाश, त्येच्या त्या रीतीनं, वाटीत खरड खरड खरड. मी चुलीपाशी बसून दात खात व्हते. साबनाचा वास समद्या घरात पसरला. त्यो वास मालकानं पाटसला रोज सकाळी घेतल्याला. लई येळानं मालकानं मान वळवली. निस्ती मान. हमीदभाईनं तोंडाकडं बगितलं. आरारारा म्हनला न्हाई. म्हनला, "दाढी दाट हाय. दोनदा भिजवावी लागंल." आन् पाठीत हात घालून उचललं. म्या पळत जाऊन वळकटी लावली.

एक गाल झाला आन् मालक एका अंगाला कलाय लागलं. घामानं भिजलं व्हतं. हमीदभाईनं फेस पुसला आन् पेटी बंद केली.

म्या म्हनलं, "आवं, अर्धीच?"

"अर्धी ऱ्हाऊ द्या. दुसरी बाजू उद्या. बसला तर."

एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर जंगल. सुमन फिसकन हसली. सासू म्हनली, "आरं ह्येला जत्रंत बसव आता." मालकानं सुमनच्या हातातला आरसा वढून बगितला आन् डाव्या हातानं हमीदभाईला एक गुद्दा घातला. दवाखान्यातनं आल्यापासनं त्येनला एवढा राग आल्याला म्या पहिल्यांदा बगितला. हमीदभाई गुद्दा खाऊन म्हनला, "ह्यो हात चालतोय की."

दुसऱ्या दिवशी मालक बसलं. अर्ध्या दाढीनं मरायची त्येनला बी लाज वाटली आसंल.

मग दर सुट्टीला हमीदभाई यायचा. आन् दाढी करायचा त्येच्या त्या सावकाश चालीनं, घोडं पान्यावर नेल्यागत. आधी मालक एका गालापुरतं बसायचं, मग दोन्ही गालांपुरतं, मग तुरटीपातूर. उजव्या हातात ब्रश द्यायचा, त्येच्यावर आपला हात धरून वाटीत फिरवायला लावायचा. फेस समद्या बाजंवर उडायचा, वाकळा मी धुवायच्या.

एकदा म्हनला, "भाबी, मी आठ दिसानं येतो. मधल्या दिवसांचं काय? तुमी शिका."

"मी? बाईच्या जातीनं दाढी करायची? गाव शेन घालंल तोंडात."

"गावाला सांगा, शेन घालायच्या आधी ऊन पानी घाला."

परसात कवळा दुधी भोपळा लागला व्हता. त्येनं तो तोडून आनला. कवळ्या दुधीवर बारीक लव आसती, ठावं हाय ना? त्येनं त्या भोपळ्याला फेस लावला, यंत्र माझ्या हातात दिलं आन् म्हनला, "ह्येची करा. लव गेली पायजे, चरा पडला न्हाई पायजे. चरा पडला तर लगीच पानी सुटंल, दिसंल."

मी इळा धरनारी बाई. दाबून वढायची सवय. पहिला भोपळा आसा चरबरला की त्येच्या अंगावर समदीकडं पान्याचं थेंब. सासू म्हनली, "ह्येचं तर कातडंच सोललं हिनं. लेकाला माझ्या हात लावू नको गं बाई." हमीदभाई म्हनला, "दाबू नका. यंत्राला सोताचं वजन हाय, तेवढं बास." दुसरा भोपळा बरा झाला. तिसरा आसा झाला की हात लावून बगावा वाटला. म्या लावला बी. कुनी बगत न्हवतं तवा.

त्या दिवशीच्या भाजीला साबनाचा वास आला. म्या धुतलं व्हतं, तरी बी. मालकानं घास थुकला आन् कायतरी बोललं. बोललं ते कळलं न्हाई, पन शिवी व्हती. शिवीचा सूर वळखू येतो.

आता त्यो मिशांचा दिवस.

मालक तवर वसरीत यिऊन बसायला लागलं व्हतं, पन पोटाला अजून न्हाई. दोन घास खायचं आन् बास. अंगात दम न्हाई. मान्सं आली की तोंड फिरवायचं. हमीदभाई म्हनला, "आज मिशी नीट करू. वाढलीया." मालकाची मिशी म्हंजी आमच्या घराचा उंबरा. लग्नात बगितली व्हती ती तशीच.

त्येनं उजवीकडनं वाईच कातरली. मागं सरून बगितलं. "उजवी खाली दिसती." परत उजवी. सुमन आरसा धरून, "मामा, आता डावी जाड झाली." डावी कातरली. मागं सरून बगितलं. "उजवी खालीच हाय अजून." परत उजवी. ह्येचा सभावच तसला. एवढूसं उन्नीस-बीस झालं तरी चैन पडत न्हाई. इकडनं एक केस, तिकडनं एक केस. म्या चुलीपाशनं म्हनलं, "पुरं करा आता!" त्यो म्हनला, "झालंच भाबी, एवढं बराबर करतो." बराबर करता करता उजवीकडं तिळाएवढी ऱ्हायली, डावीकडं गव्हाएवढी. मग कपाळाचा घाम पुसून त्येनं समदीच काडली. मालकाचा वरचा व्हट उघडा पडला. जनू दुसराच कोन बसलाय.

सासू खांबापासनं उठली, जवळ आली, लेकाच्या तोंडाकडं बगितलं आन् म्हनली, "आरं मुडद्या, मिशी सरळच व्हती. तोंड वाकडं हाय त्येचं!"

घरात ते आजपातूर कुनी बोललं न्हवतं. डाक्टर बोलला न्हाई, मी बोलले न्हाई. मालकाच्या म्होरं तर न्हाईच. सुमननं आरसा खाली केला. हमीदभाईचा हात तसाच हवेत. म्या मालकाकडं बगितलं. मालक भिताडाकडं तोंड करत्यात की काय आसं वाटलं. आन् एकदा वळलं आसतं तर मग उठवनं माझ्या हातचं न्हवतं.

तेवढ्यात दूधवाला आला. क्यान घिऊन दारात हुबा. त्येनं मालकाच्या व्हटाकडं बगितलं. टोपी काडली, क्यान भरून घेतला आन् मान खाली घालून गेला.

आमच्यात आसं हाय, इस्तव धरनाऱ्याच्या, म्हंजी मयताला अग्नी देनाऱ्याच्या, मिशा त्याच दिवशी उतरत्यात, बाकी भावकीच्या दहाव्याला. आन् दुखाच्या दारात कुनी इचारत न्हाई की कोन गेलं. त्येनं आपलं आपन वळखलं. बाप कवाच गेल्याला, मग ऱ्हायली कोन? आई. सासू बोलली तशी आत पानी प्यायला गेल्ती, ती त्येला दिसली न्हाई. त्येनं चावडीपाशी सांगितलं, तिथनं कुन्या शान्यानं दुकानातल्या फोनवरनं तळेगाव ढमढेऱ्याला माझ्या नंदंला कळवलं. पारूवन्सं म्हंजी आमच्या मालकाची भन. भाऊ आजारी पडल्यापासनं एकदा आल्ती, आरारारा म्हनून गेल्ती.

दुपार कलली आन् जीप भरून मान्सं दारात. पारूवन्सं उतरायच्या आधीच सूर लावून, "आगं माझे आई गं! मला न बोलता गेलीस गं!" वसरीतच खांबाला मिठी मारली. त्या खांबाला टेकून सासू वाल सोलत बसल्याली. वन्संनं तिच्याच गळ्यात गळा घातला आन् वरडाय लागली.

सासू म्हनली, "कोन गेलं गं, पारू?"

वन्सं डोळं मिटून, "आई गेली गं!"

"कुनाची?"

"आपली गं!"

"बरं," सासू म्हनली, "मग आता आलीच हायस तर वाल सोलू लाग. सैपाक वाढला समद्यांचा."

वन्संनं डोळं उघडलं. जीपंतली मान्सं पाय अर्धं उचलून तशीच हुबी. आन् बाजंवरनं एक आवाज आला. आधी मला वाटलं मालकाला ठसका लागला. मी पानी घिऊन पळाले. ठसका न्हवता. मालक हसत व्हतं. त्या वाकड्या तोंडानं, बिनमिशीच्या व्हटानं, लाळ गळत्याली, खांदं हालत्यालं. समद्या पावन्यांच्या म्होरं. तोंड लपवायचं इसरलंच. हमीदभाई कोपऱ्यात पेटी पोटाशी धरून बसल्याला, त्येला बी हसू आवरंना. सासूनं त्या दोघांना बी वाल फेकून मारलं.

त्या दिवशी मालक पंगतीला बसलं. डाव्या हातानं भाकर मोडली. आन् ताट म्होरं सरकवून मला खुनवलं, आनखी वाढ. म्या वाढली. मला काय बोलायचं व्हतं ते म्या चुलीला सांगितलं.

मिशी परत आली. मालक काठी टेकत हिंडाय लागलं, रान राखायला बसाय लागलं. काम काय व्हईना, पन जित्तं व्हतं. बरीच वरसं व्हतं. आन् मला काय फळ मिळालं? एक येडा व्हता, त्येचं दोन झालं! हमीदभाईनं मालकाला दौंडच्या बाजारातनं एक यंत्र आनून दिलं. मालक डाव्या हातानं सोताची दाढी सोता करायला शिकलं. सकाळी उठलं की, पानी. मग भिजवनं. मग वाटी उपडी. हमीदभाई आला की दोघं म्हातारी आमच्या दारातल्या लिंबाखाली बसून साबनाचा वास घ्यायची, जनू आंब्याची पारख चाललीया. "ह्येचा फेस लवकर बसतो." "त्येचा हुबा ऱ्हातो, पन तोंड कोरडं पडतं." मालकाची बोली अर्धीच कळायची, पन साबनाबद्दलची समदी कळायची. ह्या दोघांच्या ऊन पान्यापायी मी किती फाटी फोडली आसतील!

मग मालक गेलं. एका सकाळी, दाढी झाल्यावर, तुरटी हातात आसताना. बसल्या जागी. निजल्यावर न्हाई.

हमीदभाई त्या दिवशी येऊ शकला न्हाई. दहाव्याला आला. भीमंच्या घाटावर भावकी जमली, समदी गडीमान्सं वळीनं बसल्याली, न्हावी नदीतलं गार पानी लावून भराभर डोई-मिशा उतरवत व्हता. मी वर पायरीवर बसल्याली. बगते तर वळीच्या शेवटाला हमीदभाई. म्या पहिल्यांदा वळखलाच न्हाई. तोंडावर पांढरी दाढी. बकरीदीला बी दाढी न चुकवनारा मानूस, दहा दिस तोंडाला पानी लावलं न्हवतं.

त्येची पाळी आली. न्हाव्यानं वर बगितलं. "चाचा, तुमची बी?"

"व्हय. मिशीसकट."

ना भिजवलं, ना फेस. गार पानी, चार फटकं, झालं. दुसऱ्याचा हात त्येच्या तोंडाला कवा लागल्याला म्या बगितला न्हवता. हनवटीखाली खुटं ऱ्हायलं, कानापाशी कापलं, रगत आलं. आसली वंगाळ दाढी म्या भोपळ्याची सुदीक केली न्हवती. म्या म्हनलं, "हमीदभाई, तुरटी लावा. माझ्यापाशी हाय."

"ऱ्हाऊ द्या भाबी. आज ऱ्हाऊ द्या."

नदीत कुनी म्हशी धुवत व्हता, पलीकडच्या गावचा. त्येनं हमीदभाईच्या उघड्या व्हटाकडं बगितलं, मग आमच्या वळीकडं. दुखाच्या जागी इचारू नये हे त्येला कुनी शिकवलं न्हवतं. वरडून म्हनला, "कोन गेलं, चाचा?"

हमीदभाईनं व्हटावरनं हात फिरवला. म्हनला, "आमच्यातलं."

आन् पायऱ्या चढून गेला. त्या दिवशी लाल पेटी हातात न्हवती, म्हनून हात कुठं ठेवावा ते त्येला कळत न्हवतं. त्येच्यानंतर मला त्यो दिसला न्हाई. दौंडला वारला म्हनून रजियाचा निरोप आला तवा कवाच गेल्ता.

त्येचं याड मला आजबी पटत न्हाई. तासभर तोंड खाजवत बसायचं ह्ये मानसाचं काम न्हवं. पन हे कुनी वाचत आसंल तर त्येला एवढंच मागनं हाय. तुमच्या घरात कुनी अंथरुनाला टेकलं आसंल तर आरारारा म्हनू नका. त्येला उठवून बसवा आन् त्येची दाढी करा. पानी ऊन घ्या. घाई करू नका. आन् मिशीला हात लावू नका.